एफचा घाट

गिटार शिकणाऱ्या बहुतेकांची अडखळायची जागा एकच असते. पहिले दोन-तीन महिने मजेत जातात. ई मायनर, जी, सी, डी या कॉर्ड्स हाताला बसतात, त्यांवर चालणारी पाच-सहा गाणी येतात, गॅदरिंगला एखादं वाजवूनही होतं. मग असं गाणं समोर येतं ज्यात एफ आहे. तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकायची, उरलेली तीन बोटं तिच्या पुढे रचायची आणि तारा छेडायच्या. सूर येत नाहीत. दोन तारा मुक्या राहतात, एक झणझणते, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. आठवडा जातो, महिना जातो. काही जण हा घाट चढून पलीकडे उतरतात. पुष्कळ जण पायथ्यावरूनच परत फिरतात आणि गिटार कपाटावर जाऊन बसते.

मी बरीच वर्षं संध्याकाळी मुलांना गिटार शिकवतो. परत फिरलेल्यांपैकी कित्येकांची बोटं माझ्यापेक्षा मजबूत होती. एफ वाजत नाही तेव्हा दोष तीन ठिकाणी असू शकतो: वाद्यात, हात ठेवण्याच्या पद्धतीत किंवा ऐकण्यात. तो शोधायचाही याच क्रमाने, असं माझं ठाम मत आहे. आपण मात्र पहिल्या दिवसापासून बोटांना बोल लावतो. म्हणून या एकाच कॉर्डचा माग धरून सावकाश चालत जाऊ. गिटारीबद्दल जे कळायला हवं त्यातलं बरंचसं याच वाटेवर भेटतं.

आधी ही कॉर्ड आहे काय ते पाहू. हार्मोनियमवर एफ म्हणजे पांढरी चार. तिला सा धरलं तर एफ मेजर कॉर्डमध्ये तीनच स्वर आहेत: सा, शुद्ध गंधार आणि पंचम. गिटारीच्या सहा तारांवर जाडीकडून बारीकीकडे ते असे पसरतात: सा, प, सा, ग, प, सा. म्हणजे सा तीनदा, पंचम दोनदा आणि गंधार एकदाच. हा एकटा गंधार तिसऱ्या तारेवर, मधल्या बोटाखाली असतो. एफ वाजत नाही असं वाटलं की मी मुलांना सगळ्यात आधी ही तार स्वतंत्र वाजवायला सांगतो. एखादा पंचम हरवला तर दुसरा असतो, सा हरवला तर आणखी दोन असतात, पण गंधार मुका राहिला तर कॉर्डचा भावच नाहीसा होतो. ती मेजर आहे की मायनर, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

आता मधलं बोट उचला. तिसरी तार तर्जनीखाली येते, गंधार अर्ध्या स्वराने उतरून कोमल होतो आणि एफ मायनर तयार होते. मधलं बोट परत ठेवून करंगळी उचला. चौथ्या तारेवरचा सा जाऊन तिथे कोमल निषाद येतो, ही एफ सेव्हन. आणि पूर्ण हात आहे तसा दोन घरं पुढे सरकवला तर तीच आकृती जी होते, आणखी दोन घरं पुढे ए होते. उघड्या तारांच्या कॉर्ड्स जागेला खिळलेल्या असतात, ही आकृती चालती आहे. एक एफ आली की बारा मेजर, बारा मायनर आणि बारा सेव्हन हातात येतात. मुलांना हे आधीच सांगितलं पाहिजे. पलीकडे काय आहे हे माहीत असलं की चढणाऱ्याचा पाय वेगळा पडतो.

आता वाद्याकडे. माझी पहिली गिटार वडिलांनी मोठ्या हौसेने आणली होती. एफ मला अकरा महिने आली नाही. मला वाटत राहिलं की माझी तर्जनी वाकडी आहे. पुढे एका वयस्क कारागिराने ती गिटार हातात घेतली, डोळ्यासमोर धरून नेक न्याहाळली, एक बारीक कानस काढली आणि पंधरा-वीस मिनिटं काम केलं. त्या संध्याकाळी एफ वाजली. विकणाऱ्याने ते काम करून द्यायला हवं होतं. त्याने दिलं नाही आणि मला ते मागायचं असतं हे माहीत नव्हतं. ती गोष्ट मनाला अजून लागून आहे, म्हणून हा भाग जरा विस्ताराने लिहितो.

नेकच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक पांढरी पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिच्यात सहा खाचा असतात आणि तारा त्यांतून जातात. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारींत या खाचा बहुधा उथळ ठेवलेल्या असतात, कारण खाच जास्त खोल गेली तर तार फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, लागून झणझणते आणि माल परत येतो. उथळ खाच म्हणजे उंच तार. फुल साइझच्या गिटारीत नटपासून पुढच्या ब्रिजपर्यंत साधारण ६४८ मिलिमीटर तार असते आणि पहिला फ्रेट नटपासून अवघ्या ३६ मिलिमीटरवर असतो. एवढ्याशा अंतरात उंच तार खाली दाबायला भरपूर जोर लागतो. पाचव्या फ्रेटवर हीच आकृती धरली तर नट लांब राहतो, तार सहज वाकते, शिवाय तिथे दोन फ्रेटमधलं अंतर २९ मिलिमीटरच्या आसपास येतं. बोटं कमी ताणावी लागतात. म्हणजे ज्या कॉर्डपाशी आपण नवशिक्याला उभं करतो, ती या आकृतीची सगळ्यात अवघड जागा आहे.

तुमच्या गिटारीचा नट उंच आहे का, हे घरच्या घरी कळतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर तीच आकृती धरा. आता नटचं काम कॅपो करतो आहे. कॉर्ड एकदम सोपी झाली तर दोष नटमध्ये आहे. कॅपो नसेल तर एखादी तार तिसऱ्या फ्रेटजवळ दाबा आणि तीच तार पहिल्या फ्रेटच्या वर किती उचललेली राहते ते पाहा. कागदाची घडी आरामात सरकत असेल तर ती उंच आहे. केसाएवढी फट हवी. कानस मात्र स्वतः चालवू नका. खाच एकदा खोल गेली की नट बदलण्यावाचून इलाज नसतो.

दुसरी उंची बाराव्या फ्रेटवर मोजतात. तिला वाजवणारे ‘ॲक्शन’ म्हणतात. मोजपट्टी नसेल तर एटीएम कार्डं वापरा. एका कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. उठावाचे आकडे नसलेली तीन सपाट कार्डं एकावर एक ठेवून सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली सरकवा. ती जेमतेम बसली तर ॲक्शन ठीक आहे. चार कार्डं सहज जात असतील तर तारा उंच आहेत आणि पाच जात असतील तर ती गिटार कारागिराला दाखवल्याशिवाय कुणाही मुलाच्या हातात देऊ नये. ॲक्शन वाढण्याची कारणं दोन-तीन असतात. ब्रिजवरची सॅडल नावाची पट्टी उंच असते, किंवा तारांच्या ओढीने नेक पुढे वाकलेली असते. नेकमध्ये लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती किंचित घट्ट केली की वाक कमी होतो. पण पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नये आणि अडली तर जोर लावू नये.

तिसरं कारण आपल्या हवेत आहे. लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं. अकूस्टिक गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती ऐंशीच्या पुढे सहज जाते. पुढची फळी ओलावा पिऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि जूनमध्ये मऊ वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये कडक होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात याच्या उलट घडतं. फळी सुकून बसते, फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात, कधी बारीक चीर पडते. प्लायवुडच्या फळीला हे कमी जाणवतं, अखंड लाकडाच्या फळीला जास्त. पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका. केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला.

उरल्या तारा. दुकानात ‘बारा नंबर’ किंवा ‘दहा नंबर’ म्हणतात तो पहिल्या तारेचा व्यास असतो, इंचाच्या हजाराव्या भागांत. बारा नंबर म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर. बारा नंबरचा पूर्ण संच सुरात लावला की सहा तारा मिळून नेकवर सत्तर किलोच्या आसपास ओढ असते. दहा नंबरात ती बरीच कमी होते. मोठ्या आवाजासाठी जाड तारा चांगल्या, पण एफ शिकताना दहा नंबरच लावावा. आणखी एक उपाय फुकट आहे. तारेतला ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावली तर ताण अकरा टक्क्यांनी उतरतो. महिनाभर असं वाजवायला काहीच हरकत नाही.

‘आधी अकूस्टिक, मग इलेक्ट्रिक’ हा आपल्याकडे रूढ झालेला क्रम मला पटत नाही. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा बारीक आणि खाली असतात, तिथे एफ निम्म्या कष्टात येते. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ, पण तिची नेक नटपाशी ५२ मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. स्टीलच्या तारांच्या गिटारीत ही रुंदी ४३ च्या जवळ असते. लहान हाताला हा फरक मोठा आहे. ज्या मुलाला जे संगीत वाजवायचं आहे त्याने त्या वाद्यापासून सुरुवात करावी.

वाद्य नीट आहे याची खात्री झाली, आता हात. इथे शिक्षकाची खरी गरज लागते, कारण स्वतःचा मनगटाचा कोन स्वतःला दिसत नाही. तरी मूळ गोष्टी लिहून सांगता येतात.

पहिली गोष्ट अशी की तर्जनीला सहा तारा दाबायच्याच नसतात. पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीच्या बोटांनी पुढे दाबलेली असते. तर्जनीच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्या तीनच तारा येतात. हे कळल्यावर कित्येकांच्या हाताची मूठ तिथल्या तिथे सैल झालेली मी पाहिली आहे. बोटाचा मऊ, मांसल भाग तारांवर सपाट टेकवला तर तारा त्यात रुततात आणि मुक्या होतात. म्हणून तर्जनी किंचित कुशीवर वळवायची, अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर. ती फ्रेटच्या धातूच्या पट्टीला जवळजवळ चिकटून हवी. दोन पट्ट्यांच्या मध्यावर दाबलं तर दुप्पट जोर लागतो आणि तरी आवाज झणझणतो. एखादी तार हट्टाने मुकी राहत असेल तर बहुधा बोटाच्या पेराची घडी नेमकी तिच्यावर आलेली असते. बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा, तार बोलू लागते.

दुसरी गोष्ट, जोर चिमटीतून काढू नये. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमट्यात नेक पकडली की मिनिटभरात अंगठ्याचं मूळ दुखतं. अंगठा नेकच्या मागे, मधल्या बोटाच्या साधारण समोर, नुसता टेकलेला ठेवा. उजव्या हाताची कोपर गिटारीच्या अंगावर असतेच. ती गिटारीला छातीशी धरून ठेवते आणि डावा हात आपल्या वजनाने नेक मागे ओढतो. खात्री करायची तर अंगठा पूर्ण उचलून कॉर्ड वाजवून पाहा. चांगल्या लावलेल्या गिटारीवर ती वाजते. बोटांची अग्रं दुखणं साहजिक आहे, काही आठवड्यांत तिथे घट्टे पडतात. मनगटात कळ आली किंवा बोटांत मुंग्या आल्या तर मात्र वाजवणं त्याच क्षणी थांबवावं.

तिसरी गोष्ट क्रमाची. पहिल्या फ्रेटवर सुरुवात करू नका. पाचव्या फ्रेटवर ही आकृती धरा, तिथे ती ए मेजर असते. ती स्वच्छ वाजली की एक घर मागे या, मग आणखी एक. अशा पायऱ्या उतरत आठ-दहा दिवसांत पहिल्या फ्रेटवर पोचता येतं. गाण्यात लगेच एफ हवी असेल तर वरच्या चार तारांवरची छोटी एफ वाजवा. तिथे तर्जनीला दोनच तारा धराव्या लागतात. त्याहून सोपी एफ मेजर सेव्हन. तिच्यात पहिली तार उघडी राहते आणि सा-ग-प मध्ये शुद्ध निषाद मिसळतो. संथ गाण्यात ती साध्या एफपेक्षाही गोड लागते.

कॉर्ड वेगळी धरता येणं आणि गाण्याच्या ओघात धरता येणं, यांत बरंच अंतर आहे. सी वरून एफ वर जाताना मुलं थांबतात, बोटं लावतात, मग पुढे जातात. तबलजीने एखादा बोल अवघड आहे म्हणून ठेका थांबवला तर आपण ते चालवून घेऊ का? उजवा हात हा गिटारीचा ठेका आहे, तो थांबता कामा नये. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा, चार मात्रा सी, चार मात्रा एफ. चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात डावा हात उचलून घ्या आणि उजव्या हाताने तेवढा एक फटका उघड्या तारांवर पडू द्या. ऐकणाऱ्याला तो खटकत नाही, मोठमोठे वादक सर्रास असं करतात. पहिल्या मात्रेवर एफ अर्धीच लागली तरी चालेल. सम चुकू नये.

रियाज किती करावा, असं पालक विचारतात. रविवारी सलग दोन तास करण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं करावा, तोही दोन वेळा वाटून. हाताची नवी सवय रात्रीच्या झोपेत पक्की होते. संध्याकाळी जमेना अशी हालचाल सकाळी आपोआप जमलेली मी अनेकदा पाहिली आहे. आणखी एक, आठवड्यातून एकदा फोनवर स्वतःचं वाजवणं ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना कान बोटांच्या मागे गुंतलेला असतो, ऐकताना मोकळा असतो.

हे ऐकणं या प्रवासातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि मला त्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे.

गाण्याच्या घरात वाढलेल्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, ‘‘सर, ट्युनर हिरवा दिवा दाखवतोय, पण एफमधला गंधार चढा का लागतो?’’ तिचं बरोबर होतं. गिटारीचे फ्रेट एका ठरावीक गणिताने बसवलेले असतात. प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेचा साधारण १७.८ वा भाग कापतो. असे बारा कापले की तार बरोबर निम्मी होते आणि वरचा सा येतो. शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात यासाठी अठराचा नियम मांडला होता आणि तो कारागिरांनी पुढे दीर्घकाळ वापरला. या पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग होतात. त्यामुळे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, पण त्याची किंमत गंधार मोजतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा गिटारीचा गंधार चौदा सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. तिसरी तार उतरवून एफ गोड करून घेतली तर ई मेजरही गोड लागते, कारण ई मेजरमध्येही गंधार याच तारेवर आहे, पण जी मेजरमध्ये हीच तार सा होते. उतरलेला सा कुणाला चालेल? हा गिटारीचा स्वभाव आहे. फ्रेटवर तार गरजेपेक्षा जोरात दाबली तर सूर आणखी चढतो, म्हणजे हलका हात हा सुरेलपणाचाही प्रश्न आहे.

या स्वभावातून वाट काढणारे वादक आपल्याकडे झाले. ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि फ्रेटला न टेकवता धातूचा दांडा तारांवरून सरकवला. मग गंधार जिथे हवा तिथे लावता आला आणि मींडही घेता आली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजही सहज मिळते. विश्वमोहन भट्ट यांनी तीच वाट पुढे नेत मोहनवीणा घडवली. इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिनने ‘शक्ती’ या आपल्या बँडसाठी फ्रेटमधलं लाकूड खोल कोरलेली गिटार करून घेतली, तिच्यावर तार खाली दाबून सूर वर नेता येतो. त्याच ‘शक्ती’त पुढे चेंबूरचे शंकर महादेवन गायले आणि २०२४ मध्ये ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं.

थोर वादकांकडून काय घ्यायचं, याविषयी माझं एक म्हणणं आहे. त्यांचा वेग पाहून मुलं दिपतात किंवा खचतात. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या हाताचा आणि वाद्याचा मेळ कसा घातला, ते पाहावं. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं ताल सांभाळणाऱ्या फ्रेडी ग्रीनच्या गिटारीच्या तारा विलक्षण उंच होत्या. मोठ्या वाद्यवृंदात विजेशिवाय ऐकू यायचं तर त्याला त्या तशाच हव्या होत्या. पण तो पूर्ण कॉर्ड क्वचितच वाजवायचा, कधी दोन-तीन स्वर, कधी एकच. जँगो रेनहार्टच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९२८ मध्ये आगीत भाजून आखडली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने जे सोलो वाजवले ते आजही जॅझच्या विद्यार्थ्यांना घाम फोडतात. जिमी हेंड्रिक्सचे हात मोठे होते. तो एफसारख्या कॉर्डला बहुतेक वेळा तर्जनी आडवी टाकतच नसे. सहाव्या तारेवरचा सा अंगठा वरून वळवून धरायचा, की बाकीची बोटं नक्षीकामाला मोकळी.

बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. तो डावखुरा, म्हणजे तारा उजव्या हाताने दाबणारा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या त्याच हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली, बारीक तारा लावल्या आणि पुढे गिटार तीन अर्धे स्वर खाली उतरवली. वर सांगितलेल्या हिशेबाने ताण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. सैल तारांचा तो जड, खोल आवाज ‘ब्लॅक सॅबथ’ची ओळख झाला आणि त्यातून हेवी मेटलची एक आख्खी परंपरा निघाली. आयोमीने जखमी बोटांवर जबरदस्ती केली नाही, त्यांना झेपेल असं वाद्य करून घेतलं.

जवळचं ऐकायचं तर आपल्या हिंदी चित्रपटगीतांत खजिना आहे. गायक म्हणून आपल्याला माहीत असलेले भूपिंदर सिंग हे राहुलदेव बर्मन यांचे गिटारवादकही होते. ‘दम मारो दम’मधली गिटार त्यांची आहे. त्या काळच्या मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी शिकून आलेले हे लोक समोर ठेवलेला कागद पाहून तिथल्या तिथे वाजवत. गोव्याच्या घरातला, मुंबईत जन्मलेला अमान्सियो डिसिल्व्हा पुढे लंडनला गेला आणि १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ हा जॅझ अल्बम त्याने केला. भारतीय राग आणि जॅझ गिटार यांचा असा मेळ त्याआधी क्वचितच ऐकायला मिळतो.

ऐकायचं कसं? एक गाणं निवडा, कॉर्ड्स शोधून देणारा कागद किंवा व्हिडिओ बाजूला ठेवा. आधी फक्त बेसचा सूर गुणगुणून पकडा. तो सहाव्या किंवा पाचव्या तारेवर शोधा. मग प्रश्न एकच, गंधार शुद्ध की कोमल. मधलं बोट ठेवून आणि उचलून, दोन्ही वाजवून पाहा, कान सांगेल. पहिल्या गाण्याला दोन तास लागतात. दहाव्या गाण्याला वीस मिनिटं पुरतात. शिक्षकाकडेही हाच प्रश्न घेऊन जा. ‘पुढचं गाणं कोणतं’ यापेक्षा ‘माझी कोणती तार बोलत नाही आणि का’ हे विचारा. चांगला शिक्षक या प्रश्नाने खूश होतो आणि गिटार स्वतःच्या हातात घेऊन तपासतो. जो वाद्य न पाहताच बोटांना दोष देतो, त्याच्याकडे फार दिवस राहू नये.

तुमच्या घरात कपाटावर किंवा माळ्यावर अशी एखादी गिटार पडून असेल, मुलाची, बहिणीची, कदाचित तुमची स्वतःची, तर ती या रविवारी खाली काढा. धूळ पुसा, नव्या दहा नंबरच्या तारा लावा आणि बाराव्या फ्रेटखाली तीन कार्डं सरकवून पाहा. पाच जात असतील तर ती एखाद्या चांगल्या कारागिराकडे न्या, आणि ज्याने सोडली होती त्याला सोबत घेऊन जा.